एक ठोका, दहा माइक

ड्रमवादकाने स्नेअरवर, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमवर, काठी मारली की स्टुडिओत त्या एका ठोक्याच्या अनेक नोंदी होतात. स्नेअरच्या माइकमध्ये तर होतेच, पण शेजारच्या टॉम या घुमणाऱ्या ड्रमच्या, खालच्या किक या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, वर टांगलेल्या दोन ओव्हरहेडच्या आणि खोलीत दूर ठेवलेल्या माइकमध्येही होते. आठ-दहा ट्रॅक, म्हणजे दर माइकची एक स्वतंत्र नोंद, सगळ्यांत तोच ठोका, पण प्रत्येकात जरा वेगळ्या क्षणी. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतराला जवळपास ३ मिलिसेकंद. पाच मीटरवरच्या माइकपर्यंत ठोका पोहोचतो तोवर साधारण १५ मिलिसेकंद उलटलेले असतात. खोली मोठी वाटते ती याच उशिरामुळे.

आता हा ठोका मात्रेच्या मागे पडला असेल तर? १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या, लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १२५ चा. त्या मापात २० मिलिसेकंदांचा उशीर तयार कानाला खटकतो. ठोका उचलून ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या समान अंतरावरील रेषांपैकी, जवळच्या रेषेवर बसवणे म्हणजे क्वांटाइझ करणे. रॉजर लिन यांच्या १९८० सालच्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय होती. तिथे काम सोपे होते, कारण यंत्राला फक्त ‘कोणता ड्रम, केव्हा’ एवढेच लक्षात ठेवायचे होते. मिडीतही, म्हणजे आवाजाऐवजी वादनाच्या सूचना आकड्यांत साठवणाऱ्या पद्धतीतही, तसेच: आकडा बदलला की ठोका सरकला.

माइकने टिपलेल्या आवाजात मात्र ‘ठोका’ नावाची वेगळी वस्तूच नसते. असतात ती सेकंदाला ४८,००० मोजमापे, एकापुढे एक. त्यांत आवाज एकदम कुठे उसळला हे सॉफ्टवेअर शोधते आणि तिथे खूण करते. स्नेअरवरच्या अगदी हलक्या टिचक्या त्याला सापडत नाहीत, आणि स्नेअरच्या माइकमध्ये घुसलेली किक त्याला स्नेअर वाटते. म्हणून खुणा सहसा किक आणि स्नेअर या दोन ट्रॅकवरून काढतात आणि मग माणूस बसून त्या एकेक तपासतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही.

पुढची पायरी कापण्याची. इथे नवशिक्याला एक युक्ती हमखास सुचते: प्रत्येक ट्रॅक त्याच्या त्याच्या उसळीवर कापून सगळे ठोके एका रेषेत आणावेत. पडद्यावर ते फार नीटनेटके दिसते. ऐकताना मात्र मोठ्या खोलीचा भास नाहीसा होतो, कारण ते १५ मिलिसेकंद आपणच पुसून टाकलेले असतात. नुसता स्नेअरचा ट्रॅक सरकवणे त्याहून वाईट. स्नेअरचा मूळ स्वर २०० हर्ट्झच्या आसपास धरला तर त्याची एक लहर ५ मिलिसेकंदांची होते. ट्रॅक अडीच मिलिसेकंद हलला की ओव्हरहेडमधल्या लहरीला साथ देणारी त्याची लहर तिच्या नेमकी उलट पडते. भरदार स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. फरक २०-३० मिलिसेकंदांचा झाला तर एकाचे दोन ठोके ऐकू येतात.

म्हणून नियम एकच: सगळे ट्रॅक एका गटात बांधायचे, एकाच क्षणी कापायचे आणि सगळे सारखेच सरकवायचे. काप उसळीच्या किंचित आधी घ्यायचा, नाहीतर काठीचा पहिला स्पर्शच छाटला जातो. लहर शून्यावर असताना कापले तर ‘टक्’ असा आवाज येत नाही, हे खरे. पण एका ट्रॅकची लहर शून्यावर असते तेव्हा बाकीच्यांची नसते. त्यामुळे जोडावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा हळूहळू वर आणणे, द्यावाच लागतो.

तुकडा पुढच्या ठोक्यापासून लांब सरकला की मध्ये फट पडते. पुढच्या तुकड्याचे डावे टोक मागे ओढून ती भरतात, कारण तिथे मूळ रेकॉर्डिंगमधले आधीच्या ठोक्याचे शेपूट असते. त्याचा थोडा भाग दोनदा वाजतो, तो क्रॉसफेडमध्ये लपतो. लांब घुमणारी सिंबल असली की लपवणे अवघड होते. तिथे मी तरी कापण्यापेक्षा वादकाला पुन्हा वाजवायला सांगणेच पसंत करेन. न कापता आवाज ताणण्याचा पर्याय आहे, पण त्यात आघाताची धार बोथट होऊ शकते, आणि ट्रॅक सुटे सुटे ताणले तर लहरींचा मेळ पुन्हा बिघडतो.

किती दुरुस्त करायचे, हेही ठरवता येते. ५० टक्के ताकद दिली तर २० मिलिसेकंद उशिराचा ठोका १० वर येतो. शंभर टक्के देण्याचा मोह पडतो, पण स्नेअर जरासा मागे ठेवून वाजवणे ही काही वादकांची शैलीच असते.

अभंगाच्या रेकॉर्डिंगमध्ये तर ग्रिडच अडचण होतो. पखवाज, टाळ आणि गायक एकत्र बसले की टाळांची किणकिण प्रत्येक माइकमध्ये शिरते आणि लय हळूहळू चढत जाते. सरळ ग्रिडवर हे बसवायला गेले तर चढलेली लय खाली ओढली जाते. त्याऐवजी आधी वादनावरूनच टेम्पो मॅप काढतात, म्हणजे ग्रिडच्या रेषा पखवाजाच्या समेवर नेऊन ठेवतात. मग एखादी थाप खरोखर घसरली असेल तर तेवढीच हलवायची, तीही सगळ्या ट्रॅकसकट.