वादळाआधीची बाळंतपणं

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘दाना’ चक्रीवादळ ओडिशाकडे येत होतं, तेव्हा तिथल्या प्रशासनाने दिवस भरत आलेल्या चार हजारांहून अधिक गर्भवतींना आधीच दवाखान्यांत नेऊन ठेवलं. त्यातल्या सुमारे १,६०० जणी तिथेच बाळंत झाल्या. यामागचं गणित साधं आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. वादळात आडवी झालेली झाडं तेवढ्या वेळात रस्त्यावरून हटत नाहीत.

हे शहाणपण महागात मिळालं. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसं गेली. वाऱ्यापेक्षा समुद्राच्या उधाणाने जास्त बळी घेतले. कुडाच्या घरांतल्या लोकांना चढून बसायला उंच, पक्की जागाच नव्हती. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली आणि किनाऱ्यावर निवारे बांधले. काँक्रीटच्या खांबांवरची ही इमारत तळाला मोकळी असते, त्यामुळे उधाणाचं पाणी भिंतीला धडका न देता खालून निघून जातं. एरवी अनेक निवाऱ्यांत शाळा भरते. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण वर्षभर कुलूपबंद असलेल्या सरकारी इमारतीची किल्ली नेमकी कोणाकडे असते, हे आपण सगळे जाणतो! २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी सुमारे १० लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

पण निवारा म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे जुलाब आणि गोवर. मदतछावण्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज १५ लिटर पाणी आणि वीस जणांमागे एक संडास मागतात. वादळाच्या रात्री जागेची तडजोड चालून जाते. संडासाची नाही. तो अंधारात, लांब किंवा बिनकडीचा असला, तर बायका पाणी पिणंच कमी करतात.

पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची पाळी येते. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू पाण्यातून पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. १९९९ नंतर ओडिशात आणि २००५ च्या पुरानंतर मुंबईत हा ताप पसरला होता. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वेळेत दिल्या तर धोका कमी होतो. अडचण अशी की लक्षणं बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतात, आणि तोवर वैद्यकीय पथकं परतीच्या वाटेला लागलेली असतात.