ॲसिड स्लरी हा साबण नव्हे

वडोदऱ्यात रासायनिक मालाच्या दुकानात गेलात तर निळ्या प्लॅस्टिकच्या कारब्यात, म्हणजे मोठ्या कॅनमध्ये, एक घट्ट, तपकिरी, चकाकणारा द्रव दिसेल. दिसायला थेट काकवी. दुकानदार त्याला नुसतं ‘स्लरी’ म्हणतो, बिलावर ‘ॲसिड स्लरी’ असं लिहिलेलं असतं. धुलाई पावडर आणि भांडी घासायचं लिक्विड यांचा हा मुख्य कच्चा माल. तो कारखान्यांत जातो तसाच बचत गटांत, महिला मंडळांत आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणातही जातो. घरबसल्या चार पैसे मिळवून देणाऱ्या या उद्योगाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण साबणाचं सामान म्हणजे साबणाइतकंच निरुपद्रवी, या समजुतीनं लोक त्यात उघडे हात घालतात, आणि त्याची मला फार काळजी वाटते.

या द्रवाचं पूर्ण नाव लिनिअर अल्किल बेंझिन सल्फॉनिक ॲसिड. त्याचं मूळ आपल्या गावाशेजारीच आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली आणि २००४ मध्ये तिथे वर्षाला १.२ लाख टन लिनिअर अल्किल बेंझिन बनवणारा विभाग उभा राहिला. केरोसीनमधले दहा ते तेरा कार्बनचे सरळ साखळीचे रेणू वेगळे काढायचे, त्यातला थोडा हायड्रोजन काढून त्यांना बेंझिनशी जोडायचं, की हे तेल तयार होतं. पुढे दुसऱ्या कारखान्यात त्यावर सल्फर ट्रायऑक्साइड वायू सोडला, की तेलाची स्लरी होते. चांगल्या मालात सुमारे ९६ टक्के सल्फॉनिक ॲसिड असतं, आणि टक्का-दीड टक्का मोकळं सल्फ्युरिक ॲसिडही. जुन्या, ओलियमच्या (सल्फर ट्रायऑक्साइड मुरवलेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या) पद्धतीनं केलेल्या मालात हे सल्फ्युरिक ॲसिड आणखी जास्त राहतं. स्वस्त स्लरी घेताना एवढं तरी विचारून घ्यावं.

या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, तर लांब शेपटीला तेल हवं असतं. म्हणून तो कपड्यावरचा तेलकट मळ सोडवून पाण्यात तरंगत ठेवतो. अशा पदार्थांना पृष्ठसक्रिय पदार्थ किंवा सरफॅक्टंट म्हणतात. आता आपली त्वचा पाहा. तिचा सर्वांत वरचा थर म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनानं भरलेल्या मृत पेशी आणि त्यांच्यामधली चरबी. त्याखालच्या जिवंत पेशींचं आवरणही चरबीचंच. सरफॅक्टंटला कपड्यावरची चरबी आणि अंगातली चरबी यांत फरक कळत नाही. पावडरच्या पाण्यात त्याचं प्रमाण इतकं कमी असतं, की हात कोरडे पडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. स्लरीत मात्र तो जवळजवळ निर्भेळ असतो, आणि वर तीव्र आम्लही असतो. एकाच थेंबात दोन्ही.

घट्ट आणि चिकट असल्यामुळे हा थेंब ओघळून जात नाही, जिथे पडला तिथेच बसतो. झोंबायलाही कधी कधी वेळ लागतो, त्यामुळे माणूस तो फडक्यानं पुसतो आणि काम पुढे चालू ठेवतो. तसं करू नये. भिजलेला कपडा लगेच उतरवावा आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा निदान पंधरा-वीस मिनिटं धरावी. आम्ल आहे म्हणून वर सोडा किंवा चुना चोळणं चूक आहे, कारण त्या क्रियेची उष्णता पुन्हा त्याच कातडीला सोसावी लागते. डोळ्यात उडाली, तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडावं आणि मग थेट दवाखाना गाठावा. पाण्याआधी रिक्षा शोधायला धावू नये. या रसायनानं डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणून माझ्या मते हातमोज्यांच्याही आधी गॉगल विकत घ्यावा. साधा चष्मा पुरत नाही, बाजूनं बंद असलेलाच हवा.

खरा धोक्याचा क्षण येतो तो स्लरी मारताना, म्हणजे तिच्यातलं आम्ल अल्कलीनं शमवताना. लिक्विड करणारे यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. १०० किलो चांगल्या स्लरीला साधारण १२ ते १३ किलो कॉस्टिक लागतो. हा कॉस्टिक नुसत्या पाण्यात विरघळतानाच प्रचंड उष्णता सोडतो. १ किलो कॉस्टिक ४ लिटर पाण्यात एकदम टाकला तर पाण्याचं तापमान पन्नास अंशांहून जास्त वाढू शकतं. उन्हाळ्यात घरातलं पाणी मुळातच तीस अंशांवर असतं, म्हणजे मिश्रण उकळीच्या जवळ पोचलंच. म्हणून कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, तोही थोडा थोडा आणि ढवळत. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, नाहीतर खालचा थर उसळून तोंडावर येतो. द्रावण पूर्ण गार होऊ द्यावं, शक्य तर रात्रभर, आणि मगच त्यात स्लरीची बारीक धार सोडावी. शमवतानाही उष्णता निघतेच. ती गार पाण्याला पेलते, तापलेल्या द्रावणाला पेलत नाही.

पावडर करणारे सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, वापरतात. तो कॉस्टिकपेक्षा सौम्य खरा, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. १ किलो स्लरी सोड्यानं पूर्ण शमली आणि सगळा वायू बाहेर पडला, तर तो ४० लिटरच्या आसपास भरतो. वायू निघतोय आणि समोर भरपूर फेस करणारा पदार्थ आहे, तेव्हा पातेलं उतू जाणारच. भांडं निम्म्याहून जास्त भरू नये. वर, घाई केली की गुठळ्या होतात. बाहेरून पावडर कोरडी, हलकी आणि आत न शमलेली स्लरी. अशी पावडर धुणारीच्या हातावर जाऊन फुटते. माल पाकिटात भरण्याआधी थोडासा पाण्यात विरघळवून पीएच पट्टीनं तपासावा. ती पदार्थ आम्ल आहे की अल्कली ते दाखवते; ७ म्हणजे दोन्ही नाही. भांड्यांच्या लिक्विडचा पीएच ७ ते ८ असावा. कपड्यांची पावडर थोडी अल्कली असते, पण ती आम्ल कधीच दाखवता कामा नये. ही पट्टी फार स्वस्त मिळते आणि ती नसताना उद्योग सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

भांडं कुठलं घ्यावं, हेही इथेच आलं. लोखंडाच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत स्लरी ठेवली की धातू झिजतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. ॲल्युमिनिअमचं पातेलं तर दोन्हीकडून मार खातं, कारण आम्लही त्याला खातं आणि कॉस्टिकही. हायड्रोजनला वास नसतो, आणि एखादी ठिणगीही त्याला पुरते. जाड प्लॅस्टिकचं पिंप आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ढवळा, एवढं घरगुती कामाला पुरतं. थंडीत स्लरी घट्ट होते, ओतता येत नाही. अशा वेळी ती पातेल्यात काढून गॅसवर ठेवणं धोक्याचं आहे. झाकण थोडं सैल करून कारबा कोमट पाण्याच्या टबात उभा करावा.

घरात याच कोपऱ्यात बहुधा ब्लीचचा डबाही असतो. स्लरी ब्लीचमध्ये मिसळली की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा अडीच पट जड असतो, त्यामुळे मोरीत खाली वाकून काम करणाऱ्याच्याच नाकाशी साचतो. घशात खवखव, डोळ्यांत आग आणि छातीत घट्टपणा सुरू झाला की झाकण शोधत बसू नये, दार उघडून बाहेर पडावं. स्लरी आणि ब्लीच यांच्या जागाच वेगळ्या ठेवाव्यात.

सांडलेल्या स्लरीवर पाणी ओतून ती गटारात लोटणं ही आपली सर्वांत जुनी सवय. आधी तर त्यावरून पाय घसरतो. वाळू किंवा कोरडी माती टाकून ती गोळा करावी, उरलेल्यावर सोडा ॲश भुरभुरावी, फसफस थांबली की मग धुवावं. लाकडाचा भुसा वापरू नये. आणि गटारापुढेही गोष्ट संपत नाही. पूर्वीच्या डिटर्जंटचे रेणू फांद्याफांद्यांचे असत आणि जिवाणूंना ते पचत नसत. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले ते त्यामुळेच, आणि १९६५च्या सुमारास तिथला उद्योग सरळ साखळीच्या रेणूकडे वळला. आपली स्लरी त्याच सरळ जातीची आहे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर जिवाणू ती काही दिवसांत मोडून टाकतात. पण गाळात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे ती जवळजवळ तशीच पडून राहते. दर लिटरला काही मिलिग्रॅमही माशांच्या कल्ल्यांना मारक ठरू शकतात. वडोदऱ्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून सुमारे पंचावन्न किलोमीटरच्या वाहिनीनं महीच्या मुखाकडे जातं. आपल्या घरामागचं गटार मात्र त्या वाहिनीला जोडलेलं नाही. त्यातलं न शुद्ध झालेलं पाणी विश्वामित्रीत उतरतं, आणि तिथे मगरी राहतात, त्यांचं भक्ष्यही राहतं.

सुट्टी स्लरी पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून देण्याची रीत तर बंदच व्हायला हवी. तहानलेलं मूल बाटलीवरचं नाव वाचत नाही. कुणी चुकून घोट घेतलाच तर ओकारी काढायला लावू नका. आत जाताना जो घसा भाजला तोच बाहेर येताना पुन्हा भाजतो, आणि फेस श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरू शकतो. माणूस शुद्धीवर असेल तर तोंड धुवायला सांगा, १०८ला फोन करा किंवा सयाजी हॉस्पिटल गाठा, आणि कारब्यावरच्या लेबलाचा फोटो बरोबर न्या. १९८९च्या धोकादायक रसायनांच्या नियमांनुसार उत्पादकाला लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक द्यावं लागतं. दुकानदाराकडे ते नसेल तर त्याला पुरवठादाराकडून मागवायला सांगा. सांगणारे वाढले की तो ठेवू लागेल.

रिकाम्या कारब्यांना वडोदऱ्यात मोठी मागणी आहे, पाण्याची टंचाई असली की विशेषच. स्लरीचा कारबा पिण्याच्या पाण्याला देऊ नका, धान्याला किंवा तेलालाही नको. विसळलेलं पाणी पुढच्या घाण्यात वापरून टाका, आणि कारबा पुन्हा स्लरीसाठीच ठेवायचा असेल तर त्यावर तेलरंगानं मोठ्या अक्षरांत ‘ॲसिड’ असं लिहा. ठेवायचा नसेल तर विकण्याआधी तळाला भोक पाडा.