प्रथिन कायनेज संदेशवहन

पेशीबाहेरून आलेला संदेश आत पोहोचवून पेशीचे काम बदलणारी विकरांची साखळी. कायनेज हे विकर एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट गट काढून दुसऱ्या प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर बसवते. फॉस्फेटच्या ऋणप्रभारामुळे प्रथिनाची ठेवण बदलते आणि ते कार्यरत होते किंवा थंडावते. फॉस्फेटेज विकरे तो गट उतरवतात. हे काम दुय्यम नाही, कारण न थांबणारा संदेश पेशीला घातकच. माणसात कायनेजची पाचशेहून अधिक जनुके आहेत.

दादरच्या पुलावरून लोकल गाठायला धाव घेतली, की ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक स्नायूपेशीवरील ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जुळते आणि आत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो. तो ‘प्रथिन कायनेज ए’च्या नियंत्रक भागांवर बसताच उत्प्रेरक भाग सुटे होतात. ते फॉस्फोरिलेज कायनेजला चेतवतात, ते ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजला, आणि ग्लायकोजेन ही साठवलेली साखर मोडून इंधन हाती येते. त्याच वेळी ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकरालाही फॉस्फेट लागतो, पण ते मात्र मंदावते. नाहीतर एकीकडे मोडायचे आणि दुसरीकडे जोडायचे, असा उफराटा कारभार झाला असता. दर पायरीला एक रेणू पुढच्या अनेकांना जागे करतो, म्हणून संप्रेरक चिमूटभर पुरते. फॉस्फेट चढवण्या-उतरवण्याच्या या उलटवता येणाऱ्या क्रियेच्या शोधासाठी एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले.

इन्सुलिनचा ग्राही स्वतःच टायरोसीन कायनेज असतो. पेशीविभाजनाचा संदेश बहुधा रास, रॅफ, मेक, एर्क या प्रथिनांतून याच क्रमाने केंद्रकापर्यंत जातो.

दीर्घकालिक मज्जाजन्य रक्तकर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारे कायनेज तयार होते. इमॅटिनिब हे औषध त्याची एटीपी बसण्याची जागा अडवते. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या या गोळीने जीवघेणा आजार बहुतेकांसाठी औषधावर आटोक्यात राहणारा झाला. भारतात प्रश्न उरला किमतीचा. तिच्या बीटा स्फटिकरूपाला पेटंट मिळू नये म्हणून लढणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि सिप्ला कंपनी होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(घ) नुसार (ज्ञात औषधाच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याशिवाय, पेटंट नाही) नोव्हार्टिस या मूळ औषध कंपनीचा दावा फेटाळला.

काही रुग्णांत मात्र या बीसीआर-एबीएल कायनेजच्या ३१५ व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी आयसोल्यूसीन येते. मग इमॅटिनिबला तिथे नीट बसता येत नाही आणि दुसरे औषध शोधावे लागते.