लातूरची डाळ: शेतातून मोंढ्यापर्यंत

येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूर-धाराशिवकडचं अख्खं घर शेतात जेवायला जातं. आंबिल, उंडे आणि भज्जी. भज्जी या मिसळ भाजीत तुरीचे ओले दाणे पडतात, कारण तेव्हा तूर शेंगांनी लगडलेली असते. पण तूर मराठवाडाभर पिकते, मग डाळीला नाव लातूरचंच का?

मला त्याचं उत्तर मातीइतकंच रुळांत दिसतं. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडी-बार्शी धावू लागली आणि १९११ मध्ये ती निजामाच्या राज्यातल्या लातुरात पोचली. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. पण कुर्डुवाडीला मुंबईची मोठी लाइन मिळायची, आणि बैलगाडीने रखडणारा माल थेट बंदराच्या शहराकडे निघाला. सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, गंजगोलाई ही बाजारपेठ उभी राहिली. मधोमध गोल इमारत, तिला मिळणारे सोळा रस्ते, आणि सोनं, गूळ, मिरची, ज्याचा त्याचा बाजार वेगळा. मोंढा (धान्याचा घाऊक बाजार), आडत (दलाली) आणि हमाली यांच्या जोरावर पुढे डाळ मिलही इथेच वाढल्या.

मिलमधलं काम दिसतं तेवढं सोपं नाही. तुरीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. आधी खरबरीत रोलरवर दाण्याला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा, ढीग मुरू द्यायचा, मग उन्हात वाळवायचं. एवढं झाल्यावर साल सुटते आणि दाणा दुभंगतो. घाई केली की डाळीचा चुरा होतो. उरलेली चुणी, म्हणजे टरफलं आणि चुरा, गुराढोरांना जाते, वाया काही जात नाही.

पुढे सोयाबीनने खरिपाचं रान व्यापलं आणि तूर बरीचशी त्याच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून राहिली. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीडीएन-७११ या लवकर येणाऱ्या वाणाने कोरडवाहू शेतकऱ्याला मोठा आधार दिला. शेवटी ओल तुटायच्या आत हे पीक हाती येतं.

२०२४ मध्ये निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या जागेचं नाव मालाला लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळालं. याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. मोंढ्यात दहा गावांची तूर एकाच ढिगात पडते आणि लातूरची म्हणून बाहेर जाते. बोरसुरीच्या शेतकऱ्याला आता स्वतःच्या गावाचं नाव पोत्यावर छापता येईल. त्यासाठी त्याची तूर मात्र त्या ढिगापासून वेगळी ठेवावी लागेल, थेट मिलच्या दारापर्यंत.