सावध प्रतीक्षा : मान-डोक्याच्या संथ गाठी

मान, कान, लाळग्रंथी, थायरॉइड किंवा कवटीचा तळ इथली एखादी गाठ संथ वाढणारी आहे असे निदान झाल्यावर ती लगेच न काढता ठरावीक अंतराने तपासत राहणे, याला सावध प्रतीक्षा म्हणतात. डॉक्टर 'वॉच अँड वेट' किंवा 'फॉलोअप' म्हणतात. गोव्यातल्या घरांत 'गाठ आहे, पण सध्या हात लावायचा नाही असं सांगितलंय' एवढेच बोलले जाते. या प्रतीक्षेला तारीख असते, मोजमाप असते आणि ती कधी मोडायची हे आधीच ठरलेले असते. यातले काहीच नसेल तर ती चालढकल. 'चवथ होऊन जाऊ दे, मग बघू' हे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडते.

हा प्रश्न पोटातल्या गाठीपेक्षा इथे जास्त बोचतो, कारण जागा चिमूटभर आणि दाटी फार. चेहरा हलवणारी, आवाज काढणारी, घास गिळवणारी नस गाठीला चिकटून किंवा तिच्यावर ताणलेली असते. गाठ साधी, म्हणजे कर्करोग नसलेली निघते, पण ती काढताना गेलेले हसू परत येईलच असे नाही. त्यामुळे गाठ पुढच्या दहा वर्षांत काय नेईल आणि सुरी आज काय नेईल, याचा हिशेब मांडावा लागतो.

श्रवण-नसेवरची गाठ, म्हणजे व्हेस्टिब्युलर श्वानोमा, हे याचे ठळक उदाहरण. ती कर्करोग नाही. एका कानाने कमी ऐकू येते, कान गुणगुणतो, फोन नकळत दुसऱ्या कानाला लावला जातो, आणि एमआरआयमध्ये वाटाण्याएवढे काही दिसते. वाढ झालीच तर साधारण वर्षाला १ ते २ मिलिमीटर. डेन्मार्कमधल्या दीर्घ नोंदींत कानाच्या हाडातल्या नळीपुरत्या राहिलेल्या गाठींपैकी सुमारे १७ टक्केच वाढल्या, नळीबाहेर आलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के, आणि वाढ दिसली ती पहिल्या पाच वर्षांत. नॉर्वेत १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना लगेच किरणोपचार दिले, निम्म्यांना थांबवले. चार वर्षांनी किरण दिलेल्यांच्या गाठी आकाराने लहान होत्या. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना तोवर कसलाच उपचार लागला नव्हता. ऐकण्यात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी: थांबल्यामुळे कान वाचतो असे नाही, गाठ न वाढताही ऐकू येणे कमी होत जाऊ शकते. मोठी होऊन मेंदूच्या खोडावर दाब देणारी गाठ या चर्चेत बसत नाही; तिथे शस्त्रक्रियाच.

मानेतल्या कॅरॉटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या, धमनीच्या फाट्यावर बसणारी पॅरागँग्लिओमाची गाठ बोटांनाच ओळख देते. ती डावी-उजवीकडे सरकते, वर-खाली हलत नाही, आणि बोटाखाली ठोका लागतो. तिच्यात सुई घालून नमुना घ्यायचा नसतो, कारण ती रक्ताने भरलेली असते. वाढ वर्षाला सरासरी मिलिमीटरभर. तरुण माणसात ती लहान असतानाच काढण्याकडे कल असतो, कारण धमनीला वेढा घातल्यावर पक्षाघाताचा आणि आवाज जाण्याचा धोका वाढतो. वयस्क माणसात बहुधा नजर ठेवतात. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर दोन्हीकडे कापणे टाळतात, नाहीतर रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाच कोलमडते. काही घराण्यांत ती पिढीजात असते, आणि तिच्या नेहमीच्या एका जनुकदोषाचा फटका वडिलांकडून आला तरच बसतो. त्यामुळे चौकशी आधी बाबांच्या बाजूने करावी.

थायरॉइडमध्ये तर चक्क कर्करोगाचीही वाट पाहिली जाते. १ सेंटिमीटरच्या आतल्या पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगावर नुसती नजर ठेवायची पद्धत जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने १९९३ मध्ये सुरू केली. तिथल्या १,२३५ रुग्णांत दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांची गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली आणि ३.८ टक्क्यांत ती मानेच्या लसिकाग्रंथींत पोचली. ज्यांची शस्त्रक्रिया नंतर करावी लागली त्यांचेही नीट निभावले. उलटे वाटेल, पण इथे म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांची गाठ जास्त वाढते. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीमुळे १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉइड कर्करोगाचे निदान पंधरापट झाले, मृत्यूंचे प्रमाण तिथेच राहिले. श्वासनळी किंवा आवाजाच्या नसेला खेटलेली गाठ मात्र लहान असली तरी सोडत नाहीत.

कानाखालच्या लाळग्रंथीतला प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा (मुळात कर्करोग नसलेली गाठ) संथ असला तरी काढतातच. वर्षे जातील तसा तो कर्करोगात बदलण्याचा धोका वाढतो. तिथलीच वॉर्थिनची गाठ, बहुधा धूम्रपान करणाऱ्या वयस्काची, राहू दिली तरी चालते. आणि तोंडातला, तंबाखूच्या जागेवरचा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण या नोंदीत येत नाही. त्याची वाट पाहायची नसते.

गोव्यात हा सगळा प्रवास बहुतेकांसाठी बांबोळीला येऊन थांबतो किंवा तिथून पुढे जातो. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, तिथे आहे. सत्तरी, पेडणे, काणकोणहून पहाटेची बस धरून माणसे येतात. काही जण दुसरे मत घ्यायला बेळगाव किंवा मुंबई गाठतात. घरच्या बैठकीत आणखी एक मत असते: देवाला पाकळ्या लावून घेतलेला उजवा-डावा कौल. डॉक्टर त्यावर वाद घालत नाहीत, आणि घालूही नये. कौल काहीही लागला तरी पुढच्या एमआरआयची तारीख लिहून द्यायची. बोटीवर नोकरी करणाऱ्याची पंचाईत वेगळी असते. करार संपून घरी आला की स्कॅन, निघायच्या आधी अहवाल, असा त्याचा फॉलोअप सुट्टीवर बेतावा लागतो.

मोजमापातली एक चूक वारंवार होते. नवा स्कॅन मागच्या स्कॅनशी ताडला जातो, फरक १ मिलिमीटर निघतो, मोजणीची चूक एवढीच असते म्हणून 'बदल नाही' असे लिहिले जाते. असे चार वेळा झाले की गाठ ४ मिलिमीटर वाढलेली असू शकते आणि कागदावर स्थिर राहते. म्हणून नवा स्कॅन पहिल्या स्कॅनशीही ताडायचा, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच जाडीच्या कापांवर. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फिल्मा दमटपणाने एकमेकींना चिकटतात. पहिल्या स्कॅनची सीडी वेगळी, कोरड्या डब्यात ठेवलेली बरी.