एपी केल्या म्हणजे कॉलेजचं एक वर्ष वाचलं? तसं नसतं हो

अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांत हे कधीपासून फिरतंय की पोराने हायस्कूलमधे सात-आठ एपी (म्हणजे शाळेतच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) केल्या की कॉलेजचं एक वर्ष आणि तेवढी फी वाचलीच. आपोआप काही होत नाही. एपीची परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड फक्त १ ते ५ स्कोअर देतं, क्रेडिट द्यायचं का, म्हणजे तो कोर्स कॉलेजात झाला असं धरायचं का, ते ज्याचं त्याचं कॉलेज बघतं, म्हणजे फ्लोरिडाच्या सरकारी कॉलेजांत ३ ला पण मिळतं, एमआयटीत कॅल्क्युलस बीसी या एपीला ५ असतील तर कॅल्क्युलसचा पहिला कोर्स करावा लागत नाही, आणि कॅलटेक ५ आले तरी एपीचं क्रेडिट देतच नाही. नुसता क्लास केला, मे मधली परीक्षा दिली नाही, तर विषयच संपला. ड्युअल एनरोलमेंटमधे, म्हणजे हायस्कूलमधे असतानाच खऱ्या कॉलेजचा कोर्स करण्यात, वेगळीच गोची, तिथे आलेली सी ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) कायमची बसते, हे मात्र कोणी सांगत नाही!