एऑर्टिक डिसेक्शन आणि फसवे स्कॅन

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचं आतलं अस्तर अचानक चिरतं, रक्त भिंतीच्या थरांत घुसतं आणि स्वतःची वेगळी वाट काढतं, याला ॲक्यूट एऑर्टिक डिसेक्शन म्हणतात. धमनीच्या वर चढणाऱ्या भागात हे झालं तर तो स्टॅनफर्ड टाइप ए, त्यात तातडीनं ऑपरेशन लागतं, कारण उपचाराविना पहिल्या ४८ तासांत दर तासाला साधारण १ ते २ टक्के पेशंट दगावतात असं मानलं जातं.

पुण्यात छातीत दुखलं की घरचे आधी ॲसिडिटीची गोळी देतात, मग इसीजी. चीर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या कोरोनरी धमनीच्या तोंडाशी गेली तर इसीजी थेट हार्ट अटॅकचा दिसतो, आणि तेव्हा रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं. म्हणून दोन्ही हातांचं बीपी बघायलाच हवं, २० पेक्षा जास्त फरक असला तर संशय घ्यायचा.

निदानासाठी सीटी अँजिओ, म्हणजे कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध) सोडून काढलेला स्कॅन, उत्तमच, पण तोही फसवतो, दोन्ही बाजूंनी. हृदयाच्या ठोक्याबरोबर धमनीचं मूळ हलतं, आणि इसीजी-गेटिंग न करता, म्हणजे ठोक्यांशी वेळ न जुळवता, स्कॅन काढला तर तिथे डावीकडे पुढे आणि उजवीकडे मागे चंद्रकोरीसारखी पुसट रेघ उमटते, हुबेहूब चिरून सुटलेल्या अस्तराच्या पडद्यासारखी. शेजारच्या मोठ्या शिरेत कॉन्ट्रास्ट दाट असला तर त्याचेही पट्टे धमनीवरून जातात. रेघ धमनीच्या भिंतीबाहेर जात असेल किंवा एक-दोन स्लाइसनंतर (स्कॅनमधल्या कापांनंतर) गायब होत असेल तर ती बहुतेक खोटी असते.

उलट चूक जास्त घातक. भिंतीतच रक्त साकळलं असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधीचा साधा स्कॅन काढल्याशिवाय ते सहज निसटतं, आणि पडदा न सुटलेली छोटी चीर तर कधीकधी छाती उघडल्यावरच कळते. बारामती, जुन्नरकडून पेशंट सीडी आणि 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन ससूनला किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला येतो, तेव्हा फक्त रिपोर्टचा कागद वाचून भागत नाही, स्लाइस स्वतः बघाव्या लागतात, आणि पाठीत चिरल्यासारखी कळ आली असेल तर रिपोर्टपेक्षा पेशंटच्या सांगण्याला जास्त वजन द्यावं.

शंका उरलीच तर गेटेड सीटी परत काढतात, नाहीतर अन्ननलिकेतून इको करतात, तो ऑपरेशन थिएटरमध्येही करता येतो, फक्त श्वासनलिकेच्या आड येणारा चढत्या धमनीचा वरचा तुकडा त्यात दिसत नाही. तोवर एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉलनं ठोके ६० च्या आसपास आणि वरचं बीपी १०० ते १२० मध्ये धरून ठेवतात.